तीन पाण्यांचा जिल्हा

नाशिक शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात जी लेणी आहेत, त्यांतल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम कोरलेले आहेत. पहिला त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षातला. गोवर्धनला नेमलेल्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला राजा कळवतो, की पश्चिम काखडी गावातले, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने शेत डोंगरावरच्या भिक्षूंना दिले आहे. तिथे सरकारी माणसांनी शिरू नये, मिठासाठी जमीन खणू नये. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. तोवर अमात्य बदलला होता, श्यामक नावाचा अधिकारी गोवर्धनला आला होता. राजा आणि राजमाता त्याला सांगतात, की दिलेले शेत कोणी कसत नाही, गावात वस्ती राहिलेली नाही, तेव्हा त्याच्या बदल्यात नगराच्या हद्दीवरच्या सरकारी शेतातली शंभर निवर्तने द्यावीत.

महसूल खात्यात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना यातले सगळे ओळखीचे वाटेल. बदलून आलेला अधिकारी, कागदोपत्री दिलेली पण प्रत्यक्षात पडीक राहिलेली जमीन, आणि शेवटी पर्यायी जमिनीचा आदेश. त्या काळी या मुलखाला गोवर्धन आहार म्हणत. आजच्या जिल्ह्यासारखाच तो कारभाराचा एक विभाग होता. गोवर्धन नावाचे गाव गंगापूरजवळ गोदेकाठी आजही आहे. पण आजचा नाशिक जिल्हा त्या आहाराचा सरळ वंशज नाही. तो १८६९ मध्ये जन्माला आला, आणि ज्यांचे पाणीसुद्धा एका दिशेला वाहत नाही असे मुलूख एकत्र करून आला.

हे पाण्याचे नीट सांगायला हवे, कारण तालुक्यांच्या रेषांपेक्षा पाण्याच्या रेषांनी या जिल्ह्याचा इतिहास जास्त घडवला आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आहे. तिच्यातून पूर्वेकडे फुटलेली सातमाळ्याची रांग जिल्ह्याच्या मधून जाते. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, इंद्राई, चांदवड असे किल्ले आणि डोंगर एकामागून एक उभे आहेत, आणि मनमाडजवळच्या अंकाई-टंकाईपाशी ही ओळ संपत येते. या रांगेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस गोदावरीला मिळतो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदा दारणा, कादवा यांना पोटात घेऊन १४६५ किलोमीटरचा प्रवास करत बंगालच्या उपसागराला जाते. रांगेच्या उत्तरेचे पाणी गिरणेचे. आरम, मोसम या नद्या तिला मिळतात, ती तापीला जाते आणि तापी खंबातच्या आखाताला. उत्तरेच्या टोकाला सेलबारी-डोलबारीची रांग आहे. तिथला १५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. आणि तिसरे पाणी सह्याद्रीच्या पलीकडचे. नार, पार, दमणगंगा, वैतरणा या नद्या कोकणात आणि गुजरातेत उतरून अरबी समुद्राला मिळतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या येवला-नांदगावला पाचशेच्या आसपास. भात, नागली आणि वरई पिकवणारा घाटाकडचा, म्हणजे डांगाचा शेतकरी आणि बाजरीच्या भरवशावर वर्ष काढणारा पूर्वेकडचा शेतकरी एकाच कलेक्टरच्या हाताखाली आहेत.

बोलीही तशाच वेगवेगळ्या आहेत. बागलाण-मालेगावाकडे अहिराणी, सुरगाणा-पेठेत कोकणी आदिवासींची बोली, सिन्नर-निफाडची देशावरची मराठी, मालेगाव शहरात उर्दू. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांना मिळून लोक ‘कसमादे’ म्हणतात. सरकारी दप्तरात या नावाचा विभाग नाही, पण माणूस कुठला हे कळायला हे एक नाव पुरते.

अठराशे एकोणसत्तरच्या आधी या तिन्ही मुलखांचा कारभार एकत्र असण्याचे कारण फारसे नव्हते. बागलाण हे स्वतंत्र राज्यच होते. मुल्हेरच्या बागूल राजांनी ते पिढ्यान्पिढ्या राखले आणि १६३८ मध्ये औरंगजेबाने, तेव्हा तो दख्खनचा सुभेदार होता, ते जिंकून घेतले. १६७१ मध्ये साल्हेर शिवाजी महाराजांकडे आला; पुढच्या वर्षी मोगलांनी घातलेला वेढा मोडताना मराठ्यांनी साल्हेरच्या पायथ्याशी उघड्या मैदानावर मोठी लढाई जिंकली. नाशिक शहर मोगलांच्या काळात गुलशनाबाद होते, पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले आणि त्याला बरकत आली. आनंदवल्लीला राघोबादादांचा वाडा, गंगापूरला गोपिकाबाईंचा मुक्काम, पंचवटीत ओढेकरांनी बांधलेले काळारामाचे मंदिर, ही सगळी अठराव्या शतकातली. चांदवड होळकरांचे होते. अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा रंगमहाल तिथे आहे. मालेगावचा भुईकोट नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधला. पेठ आणि सुरगाण्यात स्थानिक संस्थानिक होते. अशा मुलखाला एकच एक राजधानी असण्याची गरज कोणाला वाटली नाही.

१८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला. त्र्यंबकगड एप्रिलमध्ये पडला. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरब शिबंदीने मात्र निकराने झुंज दिली आणि जूनमध्ये तो किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. नव्या मालकांनी जी वाटणी केली ती सोपी होती: सातमाळ्याच्या उत्तरेचा बहुतेक भाग खानदेशाला, दक्षिणेचा अहमदनगरला. म्हणजे पहिल्या इंग्रजी अधिकाऱ्यांनी पाण्याची रेषाच हद्द मानली होती.

ही वाटणी निभली नाही. नगरहून त्र्यंबक-इगतपुरीचा घाटमाथा सांभाळणे अवघड होते. १८३७-३८ च्या सुमारास नगरच्या कलेक्टरच्या हाताखाली नाशिकचा उपजिल्हा केला गेला. १८४० च्या दशकात चांदवड, दिंडोरी, सिन्नर, नाशिक या भागांत जमिनीची मोजणी आणि प्रतबंदी झाली. घाटाकडच्या गावांसाठी ‘डांग’ आणि सपाटीच्या गावांसाठी ‘देश’ असा फरक या मोजणीत करावा लागला, कारण एकाच दराने सारा बसवणे शक्य नव्हते. कारभाराने जिल्ह्याचे दोन चेहरे अधिकृतपणे कबूल केले ते इथे.

मग १८५७ आले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पेठ-हरसूल भागातही उठाव झाला आणि तो दडपताना पेठच्या राजघराण्यातल्या भगवंतरावांना फाशी दिली गेली. भागोजी नाईक तब्बल दोन वर्षे डोंगरात लढत राहिले. नोव्हेंबर १८५९ मध्ये फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना ते पडले. या लढ्यांना जिल्ह्याच्या स्मरणात जितकी जागा हवी तितकी अजून मिळालेली नाही, असे मला वाटते. नाशिकच्या इतिहासाची पुस्तके मंदिरांवर आणि घाटांवर थांबतात; सिन्नरचे आणि पेठेचे डोंगर पाठीमागे राहतात.

दरम्यान आगगाडी आली. थळ घाटातला, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तिथला, लोहमार्ग १८६५ च्या पहिल्या दिवशी सुरू झाला आणि मुंबई इगतपुरीला जोडली गेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि मनमाड जंक्शन म्हणून वाढू लागले. ज्या मुलखाचे व्यवहार एकेकाळी बुऱ्हाणपूर, सुरत आणि पुण्याकडे तोंड करून होते, त्याने आता मुंबईकडे तोंड फिरवले.

१८६९ मध्ये स्वतंत्र नाशिक जिल्हा झाला. नगरकडून नाशिक, सिन्नर, इगतपुरी, दिंडोरी, निफाड, चांदवड, येवला हे भाग आले. खानदेशातून मालेगाव, नांदगाव आणि बागलाण. पन्नास वर्षे सातमाळ्याच्या धारेवर असलेली हद्द पुसली गेली आणि गोदा व गिरणा प्रथमच एका दप्तरात आल्या. पुढे बागलाणातून कळवण वेगळा झाला. पेठचे संस्थान १८७८ मध्ये खालसा होऊन जिल्ह्याला जोडले गेले, आणि त्याबरोबर सह्याद्रीपलीकडच्या तिसऱ्या पाण्याचा मोठा भागही जिल्ह्यात आला.

नव्या जिल्ह्याच्या अगदी पहिल्या वर्षांत एका मामलेदाराने केलेले काम लोकांनी आजवर जपले आहे. यशवंत महादेव भोसेकर तेव्हा सटाण्याचे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात उपाशी रयतेसाठी त्यांनी आधी स्वतःजवळचे होते नव्हते ते वाटले आणि मग सरकारी खजिना उघडला, असे बागलाणात सांगतात. तपासणीला आलेल्या वरिष्ठांना खजिना भरलेलाच दिसला, हा कथेचा पुढचा भाग श्रद्धेचा आहे. पण सटाण्यात या अधिकाऱ्याचे मंदिर आहे, ‘देवमामलेदार’ हे नाव आहे आणि दरवर्षी मार्गशीर्षात यात्रा भरते. १८८७ मध्ये नाशिकला त्यांचे देहावसान झाले. गोदाकाठी त्यांचे स्मृतिस्थान आहे. महसुली नोकराला देवत्व द्यावे असे लोकांना वाटले, यात त्या दुष्काळाची तीव्रता कळते. कचेरीकडून रयतेची अपेक्षा काय होती तेही कळते. जिल्ह्याच्या कारभाराची कसोटी बागलाणच्या शेतकऱ्यांनी तेव्हाच ठरवून ठेवली. मी ज्या ज्या वेळी टंचाईच्या बैठकांचे वृत्तान्त वाचतो त्या त्या वेळी मला सटाण्याचे ते मंदिर आठवते.

१८८३ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड निघाला, तो नाशिकचा. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेला हा ग्रंथ आजही जिल्ह्याच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. लेणी, किल्ले, पिके, बाजार, रस्ते, जाती, शिलालेखांची वाचने, सगळे त्यात आहे. त्यातली माणसांविषयीची काही विधाने आज वाचवत नाहीत, विशेषतः भिल्ल-कोळी समाजांबद्दलची. पण जमीन आणि पाण्याविषयीची माहिती बावनकशी आहे. १९०१ च्या शिरगणतीत ५८५० चौरस मैलांच्या या जिल्ह्यात ८ लाख १६ हजार ५०४ माणसे होती. त्याआधीच्या दहा वर्षांत लोकसंख्या घटली होती. शतकाच्या अखेरचे दुष्काळ आणि प्लेग यांची ती खूण.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नाशिकच्या कलेक्टरच्या नावाभोवती सारा देश ढवळून निघाला. भगूरच्या सावरकर बंधूंनी उभी केलेली अभिनव भारत संघटना इथलीच. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरच्या रात्री विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या कोवळ्या तरुणाने गोळ्या झाडल्या. जॅक्सन यांची बदली झालेली होती आणि नाटकाचा खेळ त्यांच्या निरोपाचा होता. हा अधिकारी संस्कृतचा जाणकार होता. लोककथा आणि लोकाचारांची त्यांनी जमवलेली टिपणे पुढे एन्थोवेन यांनी संपादित करून छापली. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. या घटनेत दोन्ही बाजू शिकलेल्या, विचारी माणसांच्या होत्या. परक्या सत्तेचा प्रतिनिधी व्यक्ती म्हणून कसाही असला तरी त्याची खुर्ची रयतेची नव्हती, हेच तिथे सिद्ध झाले.

वीस वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून आलेले हजारो स्त्री-पुरुष त्यात उतरले. मंदिराचे दरवाजे बंद राहिले, लढा वर्षानुवर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. भारताच्या विसाव्या शतकातला इतका मोठा निर्णय ज्या गावात उच्चारला गेला, ते गाव तोवर पैठणीच्या मागांसाठी ओळखले जात होते.

जिल्ह्याची खरी घडण मात्र या काळात धरणांच्या कामावर होत होती. बागलाणात मोसम-आरमच्या काठी फड पद्धत पूर्वापार होती: नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि कोणत्या फडात कोणते पीक हे गावाने मिळून ठरवायचे. पाणी सोडणारे पाटकरी गावाने नेमलेले. इंग्रजी इंजिनियरांनी मोठी कामे हाती घेतली ती शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळांनंतर. गिरणेवर चणकापूर धरण झाले. गोदा-कादवेच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा झाला, आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी इगतपुरी तालुक्यात दारणा धरण बांधले गेले, ते १९१६ मध्ये पुरे झाले. नांदूर मध्यमेश्वरच्या दोन्ही कालव्यांनी निफाडचा काही भाग भिजवला आणि ते पुढे नगर जिल्ह्यात कोपरगाव-राहात्याकडे गेले. नगरचा साखरपट्टा उभा राहिला त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळात आणि उथळ पाण्यात पक्ष्यांनी घर केले. २०२० मध्ये तो महाराष्ट्रातला पहिला रामसर पाणथळ प्रदेश ठरला.

स्वातंत्र्यानंतर गंगापूर धरण आले. नाशिक शहराची तहान आजही मुख्यतः त्याच्यावर भागते. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात बांधले गेले, पण त्याचे पाणी बहुतांशी जळगावच्या शेतांसाठी. नंतरच्या दशकांत ओझरखेड, वाघाड, पालखेड, मुकणे, भावली असे प्रकल्प होत गेले. जिल्हा धरणांचा झाला, आणि धरणांचा झाल्यामुळे तंट्यांचाही झाला. मराठवाड्यात गोदावरीवर जायकवाडी धरण उभे राहिल्यावर वरच्या धरणांनी किती अडवायचे हा प्रश्न टोकदार बनला. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, आणि आता कमी पावसाच्या वर्षी गंगापूर-दारणा समूहातून जायकवाडीला पाणी सोडावे लागते. त्या वेळी नाशिकच्या शेतकऱ्याला होणारी तगमग खरी असते. पण नांदूर मध्यमेश्वरच्या खाली राहणाऱ्या माणसाचा हक्कही तितकाच खरा आहे. गोदावरी नाशिकची मालमत्ता नाही, हे इथल्या पुढाऱ्यांनी मोकळेपणाने सांगायला हवे.

या सगळ्या भांडणांत वाघाड वेगळे उठून दिसते. दिंडोरी तालुक्यातल्या या प्रकल्पावर ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी वेळेवर भरायची, आवर्तन आपसांत ठरवायचे. शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचू लागले आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती गेले. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा २००५ चा राज्याचा कायदा झाला तेव्हा पाहायला वाघाडचे उदाहरण समोर होते. मोसम खोऱ्यातल्या फडांचे शहाणपण आणि वाघाडच्या संस्था यांत मला सरळ नाते दिसते.

कारभाराची घडी स्वातंत्र्यानंतर दोनदा बदलली. सुरगाणा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि नाशिक जिल्ह्यात आले. मालेगावचे भाऊसाहेब हिरे मुंबई राज्याचे महसूलमंत्री होते. कुळकायद्याच्या इतिहासात त्यांचे नाव पक्के आहे. दुसरा बदल १ मे १९६२ चा. त्या दिवशी जिल्हा परिषद सुरू झाली, आणि शाळा, दवाखाने, गावरस्ते यांचा कारभार कलेक्टर कचेरीतून लोकांनी निवडलेल्या सदस्यांकडे आला. शिक्षणात त्याआधीच लोकांनी मजल मारली होती. १९१४ पासूनचा मराठा विद्या प्रसारक समाज निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत होता, आणि डांगातल्या मुलांसाठी दादासाहेब बिडकरांचे डांग सेवा मंडळ राबत होते. १९९९ मध्ये त्र्यंबकेश्वर आणि देवळा हे दोन नवे तालुके होऊन एकूण पंधरा झाले.

शेतीने निफाड-दिंडोरी पट्ट्याचा कायापालट केला. ओझरचे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास द्राक्षाची लागवड केली असे मानतात. आज निर्यातीच्या द्राक्षांत नाशिकचे नाव पहिले. लासलगावची बाजार समिती १९४७ ची; कांद्याचा भाव देशभर तिच्या लिलावाकडे बघून ठरतो. पण भाव पडला की पहिला मारही इथेच बसतो. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस-कांद्याच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे रोखली, आणि निफाड तालुक्यातल्या खेरवाडीला झालेल्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. आजही निर्यातबंदी जाहीर झाली की लासलगाव, पिंपळगाव, उमराण्याचे लिलाव बंद पडतात. पंचेचाळीस वर्षे तीच मागणी त्याच रस्त्यावर यावी, ही राज्यकर्त्यांसाठी गंभीर बाब आहे.

नाशिक शहर दरम्यान वाढतच गेले. १९२० च्या दशकात नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आणि नोटांचा छापखाना आला, साठच्या दशकात ओझरला मिग विमानांचा कारखाना, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती. १९८२ मध्ये महापालिका झाली. विभागीय आयुक्त, मुक्त विद्यापीठ, आरोग्य विज्ञान विद्यापीठ, पोलीस प्रबोधिनी, आदिवासी विकास आयुक्तालय, सारे नाशिकला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख ७ हजार झाली, आणि तिच्यातले जवळजवळ १५ लाख एकट्या नाशिक शहरात. शिवाय दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीतल्या अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मरण पावले. २०१५ ला मार्ग बदलले, गर्दी पांगवली आणि पर्वण्या सुखरूप पार पडल्या. आता २०२७ च्या पर्वणीची तयारी चालू आहे, आणि जिल्ह्याची सगळी यंत्रणा पुन्हा रामकुंड आणि कुशावर्ताकडे वळली आहे.

त्यातून जुना प्रश्न वर येतो: एवढा मोठा जिल्हा एकच ठेवावा का? शेजारचे बरेच जिल्हे फुटत आले. खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व-पश्चिम झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर. साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा नाशिक अखंड राहिला. मालेगाव जिल्ह्याची मागणी चाळीसेक वर्षांची आहे. यंत्रमागांचे हे शहर स्वतःची महापालिका असलेले, नाशिकपासून शंभर किलोमीटर दूर. तिथे अपर जिल्हाधिकारी बसतात, पण अंतिम सही नाशिकलाच. कळवण आणि सटाण्याकडून या मागणीला वेळोवेळी विरोध होतो, कारण तिथल्या लोकांची ये-जा, शिक्षण, दवाखाने नाशिकशी बांधलेले आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे.

माझ्या मते यात तिसऱ्या पाण्याच्या लोकांचा विचार सर्वांत कमी झाला आहे. जिल्ह्यातला दर चौथा माणूस आदिवासी आहे. मार्च २०१८ मध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे हजारो शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आपल्याला गुजरातेत घाला असे निवेदन दिले, कारण रस्ता आणि दवाखाना तिकडे जवळ होता. पावसाळ्यात जिथे नद्या फुगतात तिथेच एप्रिल-मेमध्ये बायका दरीत उतरून झऱ्याचे पाणी हांड्यात भरतात. त्याच मुलखातले पाणी पूर्वेकडे वळवण्याच्या योजना मात्र पुढे सरकल्या. मांजरपाड्याच्या बोगद्यातून ते चांदवड-येवल्याकडे वळवले आहे, आणि नार-पार-गिरणा जोडप्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. येवला, मालेगाव, नांदगावची तहान खरी आहे, हे पाणी त्यांना मिळायला हवे. पण पाण्याची आखणी करताना उगमाकडच्या पाड्यांचा वाटा आधी बाजूला काढून ठेवायला हवा, आणि तो मोजून, लिहून, कायद्याने.

मालेगाव जिल्हा करायचा की नाही याचा निर्णय होईल तेव्हा होईल. त्यासाठी थांबण्याचे कारण नाही अशी एक गोष्ट आजच करता येईल. मालेगावला जसे अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आहे, तसेच सुरगाणा-पेठ पट्ट्यात एक हवे, वनहक्काचे दावे, टंचाईचे आराखडे आणि आदिवासी भागातल्या पेसा कायद्याखालच्या ग्रामसभांचे ठराव तिथल्या तिथे निकाली काढण्याच्या पूर्ण अधिकारांसह. कळवणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा अनुभव हाताशी आहे, इमारती उभ्या राहतील, अधिकारीही मिळतील. शासनाचा एक आदेश निघायला हवा, आणि तो सिंहस्थाच्या धामधुमीआधी निघावा.